पुराच्या रात्री विजेवरची गाडी



या पानावर आम्ही नेहमी लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट आणि हुमणीचा बंदोबस्त याच गोष्टी लिहीत आलो आहोत. या वेळी विषय जरा निराळा आहे, पण तो आम्ही उगीच काढलेला नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात पैनगंगेकाठच्या एका गावी आम्ही ऊस नोंदीची बैठक घेतली. बैठक आटोपली आणि पारावर चहा आला. समोर एका तरुण सभासदाची नवी कोरी, विजेवर चालणारी तीनचाकी मालगाडी उभी होती. तिच्याकडे पाहत एक वडीलधारे सभासद म्हणाले, "साहेब, गाडी तं मस्त हाय. पन पूर आला अन् लाईन गेली, मंग ह्या गाडीले का बैल जुपाचे?"

सगळे हसले. गाडीवाला पोरगाही हसला. आम्हीही हसलो, पण खरे सांगायचे तर उत्तर आमच्यापाशी नव्हते.

प्रश्न मात्र रास्त होता. विजेवरची वाहने आता शहरापुरती राहिलेली नाहीत. १ जून २०२२ पासून पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची विजेवरची 'शिवाई' धावू लागली. आपल्या कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला, आणि त्या रस्त्यावर विजेवरच्या मोटारींना पथकर माफ करण्याचे धोरण सरकारने आणले. आपल्या कार्यक्षेत्रातही दूध घालायला, मुलांना शाळेत सोडायला विजेवरच्या दुचाक्या दिसू लागल्या आहेत. तेव्हा गाव हलवण्याची पाळी आली तर या गाड्या कामाच्या की अडचणीच्या, याचा विचार पावसाळ्याआधीच केलेला बरा. त्यानंतर आम्ही जे वाचले, जाणत्यांना विचारले आणि एका रात्री स्वतः पाहिले, ते सभासदांपुढे ठेवीत आहोत.

आपल्याकडचा पूर कसा येतो

पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यातून, मेहकरकडून आपल्याकडे येते. ती रिसोड तालुक्यात शिरते आणि पुढे वाशीम व हिंगोली जिल्ह्यांच्या सीमेने वाहते. वर मेहकर तालुक्यात पेनटाकळीचे धरण आहे. तिकडे जोराचा पाऊस झाला आणि धरणातून पाणी सोडावे लागले, की आपल्याकडे पाऊस उघडलेला असतानाही नदी फुगते. नदीवर बॅरेजेस झाले, काठाला पाणी टिकू लागले, म्हणून तर आपल्या काळ्या वावरात तुरी-सोयाबीनच्या जोडीला ऊस उभा राहिला. पाणी दिले त्या नदीने, आणि पुराची भीतीही तिचीच.

काठावर राहणाऱ्यांना पुराचा क्रम पाठ आहे. आधी नदी नाल्याचे पाणी घेईनाशी होते आणि नाल्याला फुगवटा येतो. मग नाल्यावरची मोरी बुडते, म्हणजे गावचा रस्ता तुटतो. मग पाणी वावरात शिरते, आणि गावठाणाच्या खालच्या वस्तीला लागते ते सर्वांत शेवटी. म्हणजे घर बुडण्याच्या कितीतरी आधी रस्ता बुडतो. विजेचेही तसेच. डीपीजवळ पाणी आले की महावितरण लाईन बंद करते, आणि ते योग्यच आहे. पाण्यात उतरलेली वीज माणूस मारते. सबब रस्ता आणि लाईन ही दोन्ही घराआधी जातात, हे पुढचा हिशेब करताना ध्यानात ठेवावे.

इतरत्र काय घडले

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरास महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले; तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. कोल्हापूरजवळ शिरोलीला पुणे–बंगळूर महामार्गच पाण्याखाली गेला आणि काही दिवस बंद राहिला. टँकर अडकले, कोल्हापुरात पेट्रोल-डिझेलचा तुटवडा पडला, आणि पंपावर होते तेवढे तेल मदतीच्या गाड्यांसाठी राखावे लागले. दुसरीकडे कित्येक गावांत वीज नव्हती. म्हणजे विजेची गाडी असो की तेलाची, जो वेळेत निघाला नाही तो दोन्हीकडून अडकला. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला तर ८ ऑगस्टला पुरातून माणसे काढणारी नावच उलटली आणि अनेकांचा जीव गेला. पाणी चढल्यावर निघण्याची किंमत काय असते, ते त्या गावाला विचारावे. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात, मुखेड तालुक्यातील हसनाळला रात्रीतून पाणी शिरले, माणसे आणि जनावरे गेली. तिथे गाडी कोणती, हा प्रश्न उपस्थित व्हायलाच वेळ मिळाला नाही.

बाहेरच्या देशांतही हाच अनुभव आहे. मे २०१६ मध्ये कॅनडातील फोर्ट मॅकमरी हे गाव वणव्यामुळे संपूर्ण हलवावे लागले. ऐंशी हजारांवर माणसे एकाच महामार्गाने निघाली, वाटेतले पेट्रोल संपले, आणि तेलाच्या गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांतात 'इर्मा' वादळ आले, तेव्हा तिथेही पंप कोरडे पडले. त्या वेळी टेस्ला कंपनीने आपल्या काही मोटारींच्या बॅटरीचा राखून ठेवलेला भाग दुरूनच खुला करून दिला, म्हणजे लोकांना थोडे जास्त अंतर जाता यावे. पण त्याच फ्लोरिडात सप्टेंबर २०२२ मध्ये 'इयान' वादळानंतर समुद्राच्या खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही विजेवरच्या मोटारींनी, पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी, उभ्या जागी पेट घेतला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी लपवणारा माणूस एकतर गाडी विकणारा असावा, नाहीतर पेट्रोल विकणारा.

अंतराचा हिशेब

"चार्जिंग संपली तर?" ही भीती सर्वांना पहिल्यांदा वाटते. तेव्हा आपला साधा हिशेब मांडू. विजेवरच्या दुचाकीची बॅटरी साधारण ३ युनिटांची असते आणि ती रस्त्यावर ८० ते ९० किलोमीटर चालते. बॅटरीत पाचवा भाग उरला असला तरी १५ किलोमीटर जाता येते. लहान मोटारीची बॅटरी ३० युनिटांची धरली तर दोनशेच्या वर किलोमीटर. आता सांगा, आपल्याला जायचे किती? फ्लोरिडातील माणसाला वादळापुढे पाचशे-पाचशे किलोमीटर पळावे लागते. आपल्याला खालच्या वस्तीवरून उंचावरच्या शाळेत, नाहीतर शेजारच्या माळावरच्या गावी जायचे आहे. दोन किलोमीटर, पाच किलोमीटर, फार झाले तर दहा. शिवाय रस्त्यात खोळंबून उभी राहिली तरी ही गाडी फारसे काही खात नाही, इंजिन चालू ठेवावे लागत नाही. म्हणजे अंतर ही आपली अडचण नव्हेच.

अडचण आहे ती चार्जिंगला लागणाऱ्या वेळाची. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर ३० युनिटांची मोटार रिकामीपासून भरायला नऊ-दहा तास लागतात. पेट्रोल पाच मिनिटांत भरता येते. बॅटरी पाच टक्क्यांवर आणून ठेवायची, आणि तहसीलचा इशारा आल्यावर वायर लावायची, हे चालायचे नाही. तोवर लाईन गेलेली असेल. काही सभासदांनी विचारले, शेतातल्या सौर पंपाच्या पाट्यांवर गाडी भरता येईल का? तर तशी थेट जोडणी करता येत नाही. पंपाचा कंट्रोलर मोटर चालवण्यासाठी बनवलेला आहे. तिथे तारा जोडण्याचा खटाटोप करून कंट्रोलरही जाळून घेऊ नये.

दुसरी अडचण ओझ्याची आणि चिखलाची. मोटारीत पाच माणसे बसतात, ट्रॉलीत पंचवीस-तीस. डांबरी रस्त्यावर विजेची तीनचाकी हरणासारखी पळते, पण आपल्या काळ्या मातीच्या पांदणीत ऑगस्टात ती शंभर पावलेही जात नाही. तिथे ट्रॅक्टरच पाहिजे, नाहीतर बैल.

पाणी आणि बॅटरी

विजेवरच्या गाडीला हवा ओढणारे इंजिन नाही, त्यामुळे पाणी इंजिनात जाऊन ती बंद पडत नाही. बॅटरीच्या पेटीवर बहुधा 'आयपी ६७' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवली तरी आत पाणी जाऊ नये अशी तिची चाचणी झालेली आहे. पण ही चाचणी स्थिर पाण्यातली. मोरीवरून वाहणारे पाणी स्थिर नसते. फूटभर वाहते पाणी लहान मोटारीला उचलते, आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्यांना वाहून नेते. खालचा रस्ता खचला असला तर तो वरून दिसत नाही. म्हणून पाण्यात गाडी बंद पडत नाही, एवढ्यावरून ती पाण्यात घालू नये. मोरीवर पाणी असेल तर कोणतीच गाडी घालायची नाही, ट्रॅक्टरसुद्धा नाही.

बुडालेल्या गाडीचा धोका पाणी ओसरल्यावर सुरू होतो. आपल्या नदीचे पाणी खारे नाही, त्यामुळे फ्लोरिडाइतकी भीती नाही. पण गाळ आणि ओल आत राहिली तर बॅटरी तापू शकते आणि पेट घेऊ शकते. ही आग विझवायला पुष्कळ पाणी लागते आणि विझल्यासारखी वाटून ती पुन्हा भडकते. आपल्याकडे गाडी कुठे उभी असते? गोठ्याच्या आडोशाला, कुटाराच्या ढिगाशेजारी. तेव्हा भिजलेली गाडी ओढून घर, गोठा आणि वैरणीपासून किमान पन्नास फूट लांब मोकळ्यावर ठेवावी, आणि जाणत्या मेकॅनिकने तपासल्याशिवाय तिला चार्जिंगची वायर लावू नये.

त्या रात्री काय झाले

ऑगस्ट २०२५ मध्ये लोळलेला ऊस पाहण्यासाठी आम्ही त्याच पारावरच्या गावी गेलो होतो. संध्याकाळी पाच वाजता नदी काठोकाठ होती. वरून पाणी सोडल्याचा निरोप सरपंचांना आला. नाल्यापलीकडे अकरा घरांची खालची वस्ती आहे. तिथल्या लोकांनी आम्हाला विचारले, "काय करावं साहेब?" आम्ही म्हणालो, "अंधार पडत आला आहे, आता धावपळ कशाला? रात्रीतून उतरेल. सकाळी पाहू." हे आमचे शब्द आहेत आणि ते चुकीचे होते. आमचा अभ्यास उसाचा, नदीचा नव्हे.

ओट्यावर बसलेली एक म्हातारी माय म्हणाली, "साहेब, नदी का तुमच्या तोडीच्या चिठ्ठीवर येते?" आणि ती उठून गाठोडे बांधू लागली. तिच्यामागे वस्ती उठली.

ट्रॅक्टर होता, पण तो सुरूच होईना. एप्रिलपासून एका जागी उभा, बॅटरी उतरलेली. ट्रॉलीचे एक चाक बसलेले. तेव्हा तो उन्हाळ्यातला पोरगा आपली तीनचाकी घेऊन आला. दुपारीच चार्जिंग केल्यामुळे बॅटरी ७० टक्के होती. पण पांदणीत गाडी उतरेना. म्हणून तरुणांनी म्हाताऱ्यांना पाठीवर आणि लेकरांना खांद्यावर घेऊन दोनशे पावले चिखल तुडवला आणि डांबरी रस्त्यावर गाडीत बसवले. तिथून शाळा अडीच किलोमीटर. गाडीने जाऊन-येऊन चार खेपा केल्या. म्हणजे सारे मिळून २० किलोमीटर. तिसऱ्या खेपेला, आठच्या सुमारास लाईन गेली. चौथी खेप संपली तेव्हा बॅटरीत ४० टक्के शिल्लक होते.

नऊ वाजता दुसऱ्या गाडीची बॅटरी लावून ट्रॅक्टर सुरू झाला आणि मागे राहिलेली बाप्ये माणसे, धान्याची पोती आणि शेळ्या घेऊन आला. गायी-बैल सोडून माळाकडे हाकलले होते. साडेदहाला मोरीवर पाणी आले. एका घरची म्हैस तेवढी दाव्याला बांधलेली राहिली. आम्ही पाच वाजता 'निघा' म्हटले असते तर दावे सोडायला उजेड होता. त्या घरच्या माणसाने आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. आम्ही मात्र तो स्वतःकडेच ठेवला आहे.

पारावरच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या रात्री मिळाले. लाईन गेल्यावर त्या गाडीला बैल जुंपावे लागले नाहीत, कारण ती लाईन जाण्याआधी भरलेली होती. आणि ज्याच्यावर सगळ्यांची भिस्त, तो डिझेलचा ट्रॅक्टरही सुरू व्हायला शेवटी बॅटरीच लागते, हेही कळले. डांबरी रस्त्यावर एकीने काम केले, चिखलात दुसऱ्याने. गावात दोन्ही पाहिजेत. विजेची गाडी घेऊ इच्छिणाऱ्या सभासदाने पुराच्या भीतीने मागे हटू नये. पण साऱ्या गावाने ट्रॅक्टर मोडून विजेच्याच गाड्या घेतल्या तर तेही शहाणपणाचे होणार नाही.

सभासदांनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. मृगापासून दसऱ्यापर्यंत गाडीची बॅटरी निम्म्याखाली जाऊ देऊ नये. लाईन असेल तेव्हा भरून घ्यावी. संध्याकाळची वाट पाहू नये.

२. इशारा आला की विजेची गाडी पहिल्यांदा काढावी. म्हातारी माणसे, बाळंतिणी, लेकरे आणि आजारी यांना तिच्यातून न्यावे. रात्री गाडी उंचावर, तोंड रस्त्याकडे करून उभी करावी.

३. गळिताचा हंगाम संपला की ट्रॅक्टर विसरू नये. मे महिनाअखेर बॅटरी, डिझेल आणि ट्रॉलीची चाके तपासावीत, आणि पावसाळाभर आठवड्यातून एकदा ट्रॅक्टर सुरू करून पाहावा.

४. जनावरे उजेडी सोडावीत. माणसे बहुतेक वेळा जनावरांसाठीच मागे राहतात किंवा परत फिरतात, आणि तिथेच घात होतो.

५. मोरीवर पाणी असेल तर परत फिरावे.

६. भिजलेली गाडी सुरू करू नये व चार्ज करू नये. दुचाकीची बॅटरी काढता येत असेल तर पाणी येण्याआधीच काढून उंचावर न्यावी.

७. घरी चार्जिंगसाठी अर्थिंग असलेले स्वतंत्र सॉकेट घ्यावे. आकडा टाकून किंवा जोडवायरीवर गाडी भरू नये.

८. काही मोटारींतून बाहेर वीज घेण्याची सोय असते. सप्टेंबर २०१९ मध्ये जपानच्या चिबा भागात वादळानंतर अनेक दिवस वीज नव्हती, तेव्हा अशा मोटारी उभ्या करून लोकांची निकड भागवली गेली. शाळेत ९ वॅटचे दहा दिवे दहा तास लावले तर एक युनिटही लागत नाही, आणि पन्नासेक मोबाईल आणखी एका युनिटात भरतात. पण हे कंपनीने दिलेल्या सॉकेटवरूनच करावे, बॅटरीला तारा लावून नव्हे.

९. हे क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवावेत : जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८, महावितरण १९१२.

या वर्षीच्या ऊस नोंदीबरोबर आमचे चिटबॉय नदीकाठच्या प्रत्येक गावातील ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि विजेवरची वाहने यांचीही यादी करणार आहेत. कोणाचे वाहन, ते कुठे उभे असते, आणि वेळ आली तर कोणत्या वस्तीला जायचे, एवढेच त्यात लिहायचे आहे. एक प्रत गट ऑफिसात राहील, एक ग्रामपंचायतीत. सभासदांनी ही माहिती मोकळेपणाने द्यावी. तिचा कर्जाशी किंवा तोडीच्या क्रमाशी काही संबंध नाही.

आणि पुन्हा कधी पुराच्या संध्याकाळी आमच्यापैकी कोणी तुम्हाला म्हणाला, की "सकाळी पाहू", तर त्याचे ऐकू नका.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग